तळटीप ८७

लेखाच्या एकोणतिसाव्या पानावर, तळाशी, बारीक टाइपात
एक वाक्य आहे:
ज्युरीच्या चिठ्ठ्या, मूळ प्रत, लेखिकेने पाहिली.
बस, इतकंच.

पाहिली म्हणजे काय, ते संपादकाला नको होतं.

पाहिली म्हणजे लुइझियाना, जुलै,
कोर्टाची मागची खोली,
दोन वादळांचं पाणी पिऊन फुगलेले खोके,
आणि मिस्टर थेरिओ नावाचे कारकून,
जे दर वेळी म्हणायचे, "नसेलच ते आता, बाई,"
आणि दर वेळी आणखी एक खोका काढून द्यायचे.
चौथ्या दिवशी लिफाफा निघाला. डिंकाला बुरशी.
आत बारा चिठ्ठ्या,
वहीच्या चतकोर पानाएवढ्या.

दहांवर 'होय'.
एकाने पुढे उद्गारचिन्ह दिलंय.
एकाचं होय इतकं फिकट
की पेन्सिलीलाच पटलं नसावं.
दोन 'नाही'.
एक घाईत लिहिलेलं. दुसऱ्याखाली रेघ,
इतकी दाबून की कागद पाठीकडून उठलाय;
बोट फिरवलं तर अजून लागतं.

पाचामुखी परमेश्वर म्हणतात.
त्या राज्यात तेव्हा दहामुखी पुरायचा.
उरलेल्या दोन तोंडांत कोण होतं
हे विचारायची कायद्यात सोय नव्हती.
जन्मठेप, पॅरोलशिवाय.
क्लोव्हिस नार्सिस, वय बावीस, कोळंबीच्या बोटीवर कामाला.

नियम आता बदललाय. बारा म्हणजे बारा.
पण तो पुढच्यांसाठी.
मागचे मागे.
माझा लेख त्या 'मागचे' या एका शब्दावर आहे, साठ पानं.
मी लिहिलंय: अंतिमतेचं मूल्य.
पूर्वलक्षी परिणाम. पुनर्विचाराचा उंबरठा.
शब्द चांगले आहेत, इस्त्रीचे.
क्लोव्हिसने वाचून पत्र पाठवलं:
"पान बारावर माझ्या आडनावात एक एस कमी पडलाय.
बाकी बरोबर वाटतं.
अंतिमता म्हणजे मीच ना?"

रेघ मारणारी बाई नोव्हेंबरात सापडली.
होमाच्या पुढे, रस्ता पाण्यात उतरतो तिथे,
खांबांवरचं घर, दाराशी सत्सुमा संत्र्याचं झाड.
व्हर्लीन आर्सेनो, एक्याऐंशी.
उभा जन्म खेकडे सोलण्यात गेलेला; बोटं तशीच वळून राहिलेली.
संमतीपत्रावर तिने सही केली, न वाचता,
मी वाचा म्हटलं तरी.

"त्या धक्क्यावर पहाटे पाचला
मी स्वतःचा हात चाचपडत खेकडे सोललेत, धुक्यात.
आणि ती साक्षीदार म्हणे साठ फुटांवरून चेहरा ओळखला!
सांगितलं मी सगळ्यांना.
फोरमन म्हणाला, बाई, आमचे दहा झाले,
तुम्ही आता जेवून घ्या."

जेवलात का, हे मी विचारलं नाही.
प्रश्नावलीत नव्हतं.

मग तिनेच विचारलं, ते पोरगं काय करतं हल्ली?
म्हटलं, पोरगं त्रेपन्न वर्षांचं आहे.
तुरुंगाच्या वाचनालयात पुस्तकं बांधतं.
ती उठून बाहेर गेली. बराच वेळ कात्रीचा आवाज.
संत्र्यांची पिशवी माझ्या मांडीवर ठेवत म्हणाली,
आत चालतात का त्याला?

चालत नाहीत. मी पिशवी घेतली.

संपादकाने ही भेट काढून टाकली:
एका व्यक्तीची आठवण, एकतीस वर्षांनंतरची; पुरावा नव्हे.
बरोबर आहे. विद्यार्थ्यांना मीही हेच शिकवते,
दर सोमवारी, साडेदहाला.

अर्ज मंगळवारी दाखल केला.
सोबत परिशिष्ट तीन: चिठ्ठीची झेरॉक्स.
झेरॉक्समध्ये रेघ स्वच्छ आलीय.
दाब येत नाही.