दोनशे साडेनऊ

हजेरी सरांची.
हेडाऊ काका बोटं मोजायचे.
प्रॅक्टिकल संपलं की दारात आडवे उभे,
"दाखवा पंजे."
आणि आम्ही वीस जण हात पुढे करून,
जसे लग्नात अक्षतांसाठी करतात.
वीस जणांची दोनशे, त्यांची साडेनऊ.
बेरीज भरली की कुलूप.

हिंगणा रोडवरची लॅब, वर पत्रा.
पुस्तकात टाकीच्या पाण्याला सत्तावीस अंश,
बाहेर सेहेचाळीस.
काका टाकीवर ओली पोती अंथरायचे,
खिडकीला वाळ्याचं ताटं टांगायचे, बादलीनं भिजवायचे.
ते गार वारं आमच्यासाठी नव्हतं.
"तुमचं काय, तुम्ही घरी जाऊन मठ्ठा प्यान.
क्यूबले कोण हाये?"

पहिल्याच दिवशी माझी ओढणी.
कन्हानची वाळू ड्रममध्ये कशी उलटते
ते बघायला मी वाकले,
आणि खटकन स्विच पडला.
ड्रम सुस्तावत, कुरकुरत आणखी दोन फेरे फिरला.
ओरडले नाहीत.
"मशीनले डोये असतात का वं?" एवढंच.
मग भिंतीत एक खिळा ठोकला.
परीक्षेपर्यंत त्याच्या शेजारी सहा झाले.

पराग टेकाम चपलेवर यायचा.
चप्पल दिसली की काका दारातूनच परत पाठवत,
त्याला मात्र आत घेतलं.
टेबलाखालून आठ नंबरचे बूट काढले,
पुढे कागदाचे बोळे कोंबलेले.
"कॉलेजचे हाये. जाताना ठेवून देजो."
कॉलेजनं कधी बूट घेतलेच नव्हते,
हे मला परवा कळलं,
डेडस्टॉक रजिस्टर माझ्या ताब्यात आल्यावर.

अर्ध्या बोटाची गोष्ट दर वर्षी वेगळी.
आमच्या बॅचला सांगितलं,
"चूक लहानशीच होती. सव्वा इंचाची."
पुढे काही नाही.
सळई हातात दिली, म्हणाले, ठोसा.
प्रत्येक थराला पंचवीस.
मी सव्विसावा मारला तर साचा रिकामा करायला लावला.

आज मी शिकवते त्याच पत्र्याखाली.
टाकी उपसली तेव्हा तळाच्या गाळात एक क्यूब मिळाला,
शेवाळाखाली तांबडा ऑइलपेंट,
मृ. नंदनवार, ग्रुप तीन.
अठ्ठाविसावा दिवस मारबतीच्या सुट्टीत गेला होता,
नंतर मी विसरले,
आणि बारा वर्षं तो पाण्यात.

मुलं म्हणाली, मॅडम, फोडू या.
जाळीचं दार लावलं. पिवळ्या पट्ट्याच्या मागे सगळे.
एकानं विचारलंच, "काटा जवळून बघायचा होता, दार कशाला?"
मी म्हटलं, थांब.
हिशोब साडेचारशेचा होता.
काटा सहाशेवर गेला, सातशेवर,
क्यूब हूं नाही की चूं नाही.
आठशे तीसला
जाळीवर गारा पडल्या.
विचारणारा मुलगा उगीच हसला,
मग चष्मा काढून पुसत बसला.

फोडलेले तुकडे मी टाकले नाहीत.
काकाही टाकत नसत,
लॅबमागच्या कढीलिंबाला त्यांचंच आळं आहे.
मागच्या दिवाळीत ते गेले.
घरच्यांनी चावी पाठवली,
सोबत बूट,
बोळे नवे होते.

दारात आडवी उभी राहते.
"दाखवा पंजे."
तेवीस जणांची दोनशे तीस.
माझी दहा.
बरोबर आहे.
पुन्हा मोजते.
चावी हातात, आणि कुठेतरी साडेनऊ कमी पडतात.

"मॅडम, झालं ना? बस चुकेल."

एकीच्या नखांत सिमेंट दिसतं.
तिला नळाकडे पाठवते.
खोबरेलाची बाटली अजून त्याच खिडकीत आहे.
मे महिना, तेल पातळ.
जपून ओत, म्हणते,
नाहीतर हातभर सांडतं.