सुगतनचं पाचवं पातं

सलमाबादच्या मागच्या गल्लीत, शुक्रवारी, अर्ध्या शटरखाली
वाकून आत जावं लागतं.
सुगतन काउंटरवर जुना मल्याळी पेपर पसरतो,
चष्मा कपाळावरून नाकावर घेतो.
मी आधीच कबूल करतो : मशीन लहान आहे,
बाल्कनीत वॉशिंग मशीनशेजारी मावतं,
आणि ऑनलाइन मागवलेल्या तीस बिटांच्या पिवळ्या डबीतली
अकरा मोडली, महिन्याभरात.

तो हसत नाही.
"तीस कशाला? जेवायला तीस चमचे लागतात?"

मग पेपरवर ठेवतो एक, दोन धारांचं, सरळ.
"हे मोडायला घे. स्वस्त आहे.
मोडल्याशिवाय हाताला वेग कळत नाही."
त्याच्या बाजूला दोन पिळाची, जुळ्या भावांसारखी,
मला फरक दिसेना.
एक भुसा वर ओढतं, खाच मोकळी ठेवतं,
पण लाकडाच्या वरच्या कडेला पिसं काढतं.
दुसरं खाली दाबतं. कड लोण्यासारखी,
भुसा मात्र खाचेतच ठासून बसतो, तापतो,
एखाद दिवशी धूर.
"कुठलं चांगलं?"
"खोल जायचंय की छान दिसायचंय?"
मी दोन्ही घेतली.

ॲल्युमिनियमचं विचारलं तर मान हलवली.
बावीस वर्षं मी त्याच धातूच्या भट्टीचे आकडे लिहितोय,
सुगतनला ते माहीत आहे.
"त्याला एका धारेचं लागतं. आणि धीर. पुढच्या वर्षी ये."

शिवाय हे लक्षात ठेव, म्हणाला,
खाली कीस पडला पाहिजे, गाजराचा पडतो तसा.
पीठ पडलं तर समज, पातं कापत नाहीये,
नुसतं घासतंय, झिजतंय.
(हे त्याने माझ्याबद्दल म्हटलं नव्हतं.)

चौथं टोकदार, साठ अंशांचं, शिरोरेषेच्या कोपऱ्यांसाठी.
"कोरायचंय काय?"
"दारावरची पाटी. नाव."
"कुठलं?"
"केळुसकर."
"केळुसकर," तो म्हणाला.

मी नुसता बघत राहिलो.
या बेटावर ओळखपत्रापासून बँकेच्या बाईपर्यंत
मी केलुस्कर आहे, गेटवरचा पहारेकरी तर कैलास म्हणतो,
आणि मी ओ देतो.
"तुमच्यात ळ आहे?"
"आहे तर. आणि त्याच्याहून अवघड अजून एक."
मला तोही म्हणून दाखवला. मला जमला नाही.

मी पेपरच्या कोपऱ्यात ळ काढला. त्याने नखाने मोजला.
"या गाठीत तुझं एकही जाणार नाही."
खालच्या खणातून, कापसात गुंडाळलेलं,
सुईएवढं पाचवं. एक मिलीमीटर.
"हळू चालव. पैसे पाटी झाल्यावर."

रात्री पॅलेटची फळी आवळली.
बाहेर ऑगस्ट, काच आतून कोरडी, बाहेरून घामेजलेली.
के उत्तम. कीस पडला, कुरळा, पाइनच्या वासाचा.
ळ लागला तेव्हा वळणाच्या आत दोन बेटं राहायला हवी होती,
उजवं राहिलं.
डाव्याशी आवाज बदलला,
दूध उतू जायच्या आधी बदलतो ना, तेवढाच.
मी बटण दाबलं. पातं शाबूत.
बेट उडालेलं.

तांदळाच्या कणीएवढं असेल.
ते परत चिकटवता येतं, गोंद आहे घरात.
म्हणून साडेअकराला बाल्कनीत उकिडवा बसून
मी सगळा कीस चाळतोय, मूठ मूठ,
आणि आतून मनीषा विचारतेय
चहाची गाळणी कुठे गेली.