आतल्या गाठीची

सुसामिरच्या कुरणावरून उतरताना
डाव्या पुढच्या चाकाला वास येऊ लागला.
वाटलं, घाटातल्या एखाद्या ट्रकचा असेल.
कारा-बाल्टाच्या सपाटीवर आलो
तरी वास आमच्याबरोबरच.

गाडी जपानी, सात जणांची, स्टिअरिंग उजवीकडे,
मागे आंबवलेल्या घोडीच्या दुधाचे दोन कॅन.
रस्ता सरळ, पण ती डावीकडे ओढ घेत होती,
हट्टी शेळीसारखी.
अता म्हणाले, वाऱ्यामुळे.
वारा नव्हता.

अंगणात उतरले आणि डाव्या चाकावर थुंकले. चुर्र.
उजव्यावर थुंकले. नुसतीच थुंकी.
अतांनी मान फिरवली.
माझं लग्न का मोडलं
हे त्यांना पुन्हा एकदा कळलं असावं.

येकातेरिनबुर्गहून तिलेकचा आवाज आला,
ट्रकच्या डेपोतून, जेवणाच्या सुट्टीत,
नेहमीसारखा दीड सेकंद उशिरा.
"कॅलिपर बदलायला धावू नकोस, बुरुल.
आधी बघ, दाब कुठे अडलाय."

जॅक लावला, चाक काढलं.
अतांना सांगितलं, ब्रेक दाबा, सोडा.
त्यांनी सोडला.
डिस्क ढिम्म.
दहाच्या पान्याने वरच्या, पत्र्याच्या नळीचा जोड सैल केला.
चार थेंब गळले. डिस्क तरीही ढिम्म.
म्हणजे वरचं सगळं निर्दोष.
जोड आवळला, आणि मग खाली, कॅलिपरचा ब्लीडर, पाव फेरा.
पिचकारी उडाली थेट कोपरापर्यंत
आणि डिस्क
सुटली.

मधे उरली वीतभर रबराची होज.
बाहेरून ठणठणीत. भेग नाही, फुगवटा नाही.
आतल्या गाठीची.
पाय दाबला की जोर जाऊ द्यायची,
पाय काढला की परत येऊ द्यायची नाही.
फोनवर तसंच सांगितलं.
दीड सेकंद.
मग आणखी काही सेकंद, जे नेटवर्कचे नव्हते.
"हो," तिलेक म्हणाला, "होतं तसं.
सात-आठ वर्षं झाली की."

त्याला जाऊन सहा झाली.
आयझिरेक तेव्हा पाळण्यात होती.

बाजारात, सुट्या भागांच्या कंटेनरमध्ये,
बातमाबाईने जुनी होज हाताने मोजली
आणि काउंटरवर दोन ठेवल्या.
एकच हवी, मी म्हणाले.
"दोन्हीकडच्या घे. एक गेली की
दुसरी फार दिवस काढत नाही."
तिच्या नवऱ्याचा फोटो मागच्या भिंतीवर होता.
मी दोन्ही घेतल्या.

आता हवा काढायची.
आयझिरेकच्या हातात जर्दाळूच्या जॅमची बरणी,
बरणीत पारदर्शक नळी,
नळीत बुडबुडे, ते मोजायचं काम तिचं.
अता सीटवर. मी चाकापाशी, मातीत.
"दाबा."
"दाबलं."
"धरा. मी म्हणेपर्यंत पाय उचलायचा नाही,
नाहीतर हवा परत आत जाईल."
"धरलंय, म्हटलं ना."
"सोडा."
सत्तर वर्षांत त्यांना इतक्या वेळा
कुणी काय करायचं ते सांगितलं नसेल.
अकरा बुडबुडे. मग चार. मग एक, अगदी लहान,
जो आयझिरेकने धरायचा की नाही यावर खूप विचार केला.
मग नुसतं तेल, मधासारखं.

ब्लीडर आवळला, चाक चढवलं, नट कसले,
राख लावून हात धुतले, चहा ठेवला.
परत आले तर अता अजून सीटवर,
पाय पॅडलवर, मांडी थरथरतेय.
"अहो, झालं कधीचं!"
"सोडा म्हणाली नाहीस."

सोडा, म्हणाले.
त्यांनी सावकाश सोडला.
चाकाच्या आत काहीतरी
कळेल न कळेल इतकं मागे सरकलं.

संध्याकाळी कालव्यापर्यंत जाऊन आलो.
आयझिरेक आधी उतरली
आणि डाव्या चाकावर थुंकली.
काहीच झालं नाही.
हिरमुसली,
आणि पुन्हा थुंकली.