आवाज बंद ठेवून

सोहारचा कॅम्प, खोली नंबर चौदा.
सहा खाटा, एक एसी, तोही खोकणारा.
गुरुवारी रात्री परकारचा फोन हातोहात फिरतो,
आवाज बंद.
वरच्या खाटेवर म्हातारा सुलेमान
झोपल्याचं सोंग घेतो.

पडद्यावर ती दोघं. त्यांना घाई नाही,
पहाटे चारची शिफ्ट नाही.
आम्ही बघतो, बंद दुकानाच्या काचेतून बघावं तसं.
मग एकेक जण उठून बाहेर जातो
आणि परत आल्यावर कुणी कुणाशी बोलत नाही.

शुक्रवारी कुमुदला फोन लावला.
म्हटलं, जरा उजेडात ये. केस सोड.
फोन थोडा लांब धर.
माझं काम वेल्ड तपासायचं,
पाइपावर टॉर्च मारून चीर शोधायची.
तसाच बघत असणार.
ती म्हणाली, "काय शोधताय?"
आणि कॅमेरा शेगडीकडे वळवला.
तवा. उलटायची राहिलेली भाकरी.

उगाच भांडलो. नेट संपलं म्हणून फोन ठेवला.

रात्री परकार एकटाच बघत होता.
मी वाकून पाहिलं, तर तो पुन्हा पुन्हा मागे नेत होता
त्या सगळ्यानंतरचा तुकडा:
ती अनवाणी, स्वयंपाकघरात अंडी फोडतेय,
तो टेबलाशी बसून काहीतरी सांगतोय,
ती हसतेय, पाठमोरी.
"काय म्हणत असेल रे?" परकारनं विचारलं.

आवाज लावायचं
दोघांनाही सुचलं नाही.