जमाखर्च

अध्यक्ष म्हणाले, स्मरणिकेसाठी ट्रस्टचा इतिहास लिहा,
दोन पानांत बसवा,
एकतीस वर्षं वह्या तुम्हीच लिहिल्यात.
म्हणून कपाटातली पहिली वही काढली.
तिला अजून वखारीचा वास येतो,
उघडली की शिंक.

पहिल्या पानावर जमा नाही, नुसता खर्च:
पद्मव्वाची औषधं, मिरजेचं जाणं-येणं, टांगा.
पद्मव्वा उगारे. निपाणीत नवऱ्याच्या तंबाखूच्या चार वखारी,
आणि तिच्या डाव्या गालात बोराएवढी गाठ.
पहाटे चुलीपुढं बसून ती तव्यावर तंबाखू भाजायची,
काळी कुळकुळीत झाली की चुरायची,
बोटावर घेऊन दातांना घासायची,
मग तोंड भरून गप्प.
चाळीस वर्षं ती गप्प राहिली ते मिश्रीमुळं
का आणखी कशामुळं,
वहीत नोंद नाही.

ती गेली त्या साली बाजार तेजीत होता.
भरमाप्पांनी चारातली एक वखार विकली.
गाव हसलं: दात कोरून कुठं पोट भरतं का, शेटजी?
ते म्हणाले, माझं भरलंय. आता कोरू द्या.

पहिली खुर्ची न्हाव्याची.
संकेश्वरच्या नागाप्पा हडपदनं मोडीत दिली, अठ्ठावीस रुपये.
मान टेकायची फळी सुताराकडून, साडेतीन.
डॉक्टर बेळगावहून यायचे, रविवारी, पहिल्या गाडीनं.
यंत्र पायानं चालवायचं,
डॉक्टरांचा हात तोंडात, आणि पायडलवर
धोतर खोचून स्वतः भरमाप्पा.
पहिल्या रविवारी कोणी नाही.
दुसऱ्या रविवारी एकजण, तोही पत्ता चुकलेला.

मग पाटीचं भांडण.
वर कुठली अक्षरं, खाली कुठली?
दोनदा डांबर फासलं गेलं,
एकदा या बाजूनं, एकदा त्या.
शेवटी पेंटरनं नुसती एक दाढ काढली,
दोन मुळांची, पांढरीशुभ्र.
लोकांना ती चड्डी वाटायची.
दोघं तर कापड घेऊन माप द्यायला आले.
आत मात्र एवढा घोळ नव्हता.
डॉक्टर म्हणायचे, आ.
कागवाडची म्हातारी आ करायची, खानापूरचा पोरगाही आ,
आणि दोघांची कीड सारखीच काळी.

सत्त्याऐंशी साल. पहिली शिष्यवृत्ती, जुबेदा नदाफ.
आई विडी कारखान्यात, दिवसाला हजार विड्या.
अर्जाचा कच्चा खर्डा विडीच्या लेबलांच्या पाठीवर,
तो मी जपून ठेवलाय.
मुलाखतीत कोणी विचारलं, दातच का गं?
म्हणाली, आई हसताना तोंडावर पदर घेती.
ठराव मंजूर, एकमतानं.

करार होता: शिकून झालं की दोन वर्षं रविवारची सेवा.
ती आली नाही. मस्कतला गेली.
कार्यकारिणी चिडली, नोटीस काढा म्हणाली.
भरमाप्पा तेव्हा नव्वदीला टेकलेले, तोंडाचं बोळकं,
म्हणाले, पडलेला दात मागं बोलवता व्हय?
पुढच्या जूनपासून बँकेत दरसाल एक रक्कम येते.
नाव नाही, निरोप नाही.
मी ती ‘किरकोळ जमा’ खाली लिहीत आलो.
त्या किरकोळातून एकवीसजण डॉक्टर झाले.
त्यातले चार रविवारी येतात.
बाकीच्यांचं मला माहीत नाही.

इथवर अध्यक्षांनी वाचलं, छान म्हणाले.
पुढची ओळ काढा म्हणाले.
पुढची ओळ अशी:
उरलेल्या तीन वखारींच्या भाड्यावर दवाखाना चालतो,
माझा पगारही,
आणि भाडेकरू अजून तंबाखूवालेच आहेत.

मी ती काढली नाही. बारीक अक्षरात ठेवलीय,
छापतील न छापतील.
काल वही मिटताना जीभ सहज मागं गेली,
खालची उजवी दाढ हलतेय.
रविवारचा नंबर लावलाय.
चौदावा.