काडी

पान उलटलं की उडतात
चाळणीतून पीठ उडावं तशा
पांढऱ्या माश्या.
पिवळ्या पत्र्याला एरंडेल फासून
मी तो टॅपिओकाच्या ओळीत टांगलाय.
चिकटल्या त्या रोज मोजते.
सुटल्या त्यांचा हिशोब कोण देणार?
निंबोळीचा अर्क झाला, साबणाचं पाणी झालं,
पिठ्या ढेकणासाठी जुना ब्रश.
बावतीस कुंपणावरून हसतो,
"झाडाचे दात घासतेस काय गं, फिलू?"

मनोरीच्या खाऱ्या वाऱ्यात एकवीस झाडं.
सातव्याचं पान मुरडलं,
हिरव्यात पिवळे नकाशे.
शेंड्याला नव्हे, अगदी खालच्या,
पहिल्या पानापासून.
म्हणजे माशीचा दोष नाही,
दुखणं काडीतूनच आलं.

काडी लीलाम्माची.
कोट्टायमहून ओल्या वर्तमानपत्रात,
मार्व्याच्या फेरीबोटीत मांडीवर धरून.
"डोळे वर ठेव. आईच्या अंगणातली आहे."

याला औषध नाही.
उपटायचं. खतात टाकायचं नाही.
ओली पानं पेटेनात,
अर्धी पेटी संपली.
तिने काडी लावली,
मीही काडीच लावली.

रविवारी ती आली.
बोटाएवढी मुळं मी उकडून ठेवलेली,
सोबत बांगड्याचं कालवण.
खाता खाता तिने सातवा खड्डा पाहिला,
राखही पाहिली.
बराच वेळ काटेच काढत बसली.
मग म्हणाली, "मेमध्ये जाते. दुसरी आणीन."

आण, म्हटलं.
आणि ताट उचलताना, पाठमोरी होऊन,
"खालची पानं बघून आण."