सात वाजताचा बिघाड

बोरीच्या वेरेकरांची ही चौथी तक्रार :
रोज सातला नेट जातं,
अर्ध्या तासाने आपणहून येतं.

पहिल्या खेपेस मी पोफळीवरची वायर बदलली,
माकडांवर आळ घेतला.
मग राउटर हातभर वर चढवला,
चिऱ्याच्या भिंती, बाई, सिग्नल अडतो, म्हणत.
तिसऱ्या खेपेस पासवर्ड बदलला
आणि शेजारच्या पोरांकडे जरा रोखून पाहिलं.

सुलभाबाई दर वेळी कोकम सरबत देत.
"मुलगा अबू धाबीहून सातलाच फोन करतो रे,
तोंड उघडं ठेवून थिजतो तसाच."

आज सातपर्यंत थांबलो.
स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, हिरव्या दिव्यांकडे बघत,
नाडी धरलेल्या वैद्यासारखा.

बाई फोन घेऊन सोप्यावर गेल्या.
शांबाराव आले,
खोबरं, मिरच्या, चार तिरफळं भांड्यात घातली,
आणि पंखा बंद करावा इतक्या सहज
माझा प्लग उपटून मिक्सरचा लावला.
बांगडे उकळून, भांडं धुऊन झालं
की परत लावणार, रोजच्यासारखा.

बिलात काय लिहू? दोष : हुमण?

स्कूटरच्या डिकीत एक एक्स्टेन्शन बोर्ड होता.

आता मिक्सर घरघरतोय, दिवेही जळतायत.
पडद्यावरचा मुलगा विचारतो, बाबा काय वाटतायत?
बांगड्यांचं.
तो गप्प. तोंड तसंच उघडं.

"बघ, परत थिजला," बाई म्हणाल्या.
मी फळीकडे पाहिलं.
नाही बाई, दिवे हिरवेच आहेत.